गळ्यापर्यंत भरलेली बरणी

लक्ष्मीपूजन झालं, भाऊबीज झाली, पाहुणे आपापल्या गावी गेले आणि देवतळीच्या उत्तर आळीतल्या बरण्या एकामागून एक मेल्या.

पहिली गेली नंदा जगतापची. नंदाची पिठाची गिरणी आळीच्या तोंडाशीच होती आणि गिरणीत कळलेली गोष्ट दुपारपर्यंत अख्ख्या आळीला कळायची, त्यामुळे घरोघरी झाकणं उघडली गेली. ज्या बरणीतून रोज आंबूस ऊब यायची तिच्यातलं पाणी निवळून गेलं होतं आणि तळाशी टाकलेली पाकिटं, वरचं छापील चित्रसुद्धा न पुसता, जशीच्या तशी पडून होती. उज्ज्वला बाबर गिरणीत पोचली तेव्हा पंधरा-वीस बायका आपापल्या बरण्या काखेत घेऊन उभ्या होत्या, तापाने फणफणलेली पोरं दवाखान्यात आणावीत तशा.

"वहिनी, तुमची बघितली का?" नंदाने विचारलं.

"नाही अजून," उज्ज्वला म्हणाली. ते खोटं होतं. तिने सकाळीच बघितली होती आणि तिची बरणी ठणठणीत होती.

ही बरणी म्हणजे काय भानगड आहे, ते देवतळीबाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. नगरपालिकेला गावाबाहेरच्या माळावर कचरा जाळण्याचा प्रकल्प उभा करायचा होता. कागदावर त्याचं नाव भारी झोकदार होतं, त्यात 'हरित'ही होतं आणि 'ऊर्जा'ही होती, पण गावाने बारसं केलं ते 'भट्टी' असं. जाळला की कचरा संपतो असं आपल्याला वाटतं. तो संपत नाही, नजरेआड होतो. थोडा धुरातून छातीत जातो, थोडा राखेतून विहिरीत उतरतो. त्यात भट्टीचा करार पंचवीस वर्षांचा. तिचं पोट रोज भरलंच पाहिजे, आणि गावाने शहाणपणा करून कचरा कमी केला तर दंड गावालाच. उज्ज्वलाच्या नवऱ्याने, हेमंत बाबरने, हे कलम गिरणीत पहिल्यांदा वाचून दाखवलं तेव्हा नंदा म्हणाली होती, "सर, ह्यो तर घरजावई झाला. बसून खानार आन कमी वाढलं की रुसनार."

तिथून चळवळ सुरू झाली. बायका दारोदार हिंडल्या. ओला कचरा परसात कुजवायला शिकवला, बाटल्या आणि पुठ्ठे भंगारवाल्यांकडे वळवले, घंटागाडीत पडणारा ढीग निम्म्याहून खाली आणला. मुख्याधिकाऱ्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि वेफर्सचं एक रिकामं पाकीट टेबलावर ठेवलं. "याचं काय करता ते सांगा. भंगारवाला घेत नाही, माती खात नाही. याला भट्टीच लागते." आणि त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पाकीट म्हणजे प्लास्टिक, वर्ख, पुन्हा प्लास्टिक असे एकमेकांना चिकटवलेले पापुद्रे. ते सुटे करायचे कुणी?

हेमंत गावच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायचा. प्लास्टिक खाणारे जिवाणू जगाला नवे नव्हते. जपानमध्ये बाटल्यांच्या ढिगाऱ्याजवळ तसला एक सापडल्याला कितीतरी वर्षं लोटली होती. प्लास्टिक म्हणजे त्याच त्या कड्यांची लांबलचक साखळी, आणि हे जिवाणू त्या कड्या कापणारी एन्झाइम सोडतात. अडचण एवढीच की प्रयोगशाळेबाहेर आणले की ते टिकत नाहीत. हेमंतने अशा निरनिराळ्या जिवाणूंची मोट बांधली आणि ती आंबवलेल्या भाताच्या पेजेत सोडली. कॉलेजातलं मिश्रण आठवडाभरात मेलं. घरी, लोणच्याच्या जुन्या बरणीत ठेवलेलं मात्र तरारलं. बरेच महिने तो डोकं खाजवत राहिला. मग लक्षात आलं की कॉलेजात तो काचेच्या कांडीने ढवळत होता आणि घरी हाताने.

आपल्या कातडीवर अगणित सूक्ष्मजीव राहतात. भाडेकरूच म्हणायचे, पण घरमालकाच्या जन्मापासून ठाण मांडून बसलेले. हेमंतच्या हातावरचे भाडेकरू पेजेत उतरले, तिथे त्यांनी एक चिकट, पातळ थर धरला आणि त्या थराच्या आसऱ्याने प्लास्टिक खाणारे टिकले. दोन-चार दिवसांत पाकीट विरघळून जायचं आणि तळाला वर्खाचा चुरा उरायचा. वरची पेज पातळ करून झाडांना घातली तर झाडं खूश. शिवाय त्यातलं वाटीभर दुसऱ्या बरणीत घातलं, रोज हाताने ढवळलं, की ती बरणीही कामाला लागायची. थोडक्यात, विरजण.

विरजण म्हटल्यावर बायकांना पुढचं काही शिकवावं लागलं नाही. साबणाचा हात लावायचा नाही, मीठ पडू द्यायचं नाही, बरणी उबेला ठेवायची आणि शेजारणीने मागितलं तर नाही म्हणायचं नाही. हो-ना करता करता पालिकेने उत्तर आळीतल्या साठेक घरांवर प्रयोग मान्य केला. दिवाळी झाली की जिल्ह्याची समिती येऊन आळीचा उरलेला कचरा बघणार होती. त्यात पाकिटं नसली तर भट्टीचा पुनर्विचार, असली तर करारावर सही.

हे बघायला हेमंत नव्हता. तीन वर्षांपूर्वी छातीत दुखतंय म्हणून कॉलेजच्या जिन्यात बसला तो उठलाच नाही.

माणूस गेल्यावर त्याचा चेहरा भिंतीवर राहतो, आवाज मोबाइलमध्ये राहतो. वास कुठेच राहत नाही. उज्ज्वलाने त्याचे दोन शर्ट न धुता कपाटात ठेवले होते, पण पहिल्या पावसाळ्यात त्यांना कपाटाचाच वास लागला. त्याच सुमाराला एकदा ती त्याची बरणी ओतून टाकायला निघाली. झाकण उघडलं आणि ती तिथेच ओट्याला टेकली. हेमंत मागे येऊन उभा राहिला होता. नुकताच सायकलवरून आलेला, मानेवर घाम, हातांना ते त्याचं नेहमीचं खोबरेल.

ती बाई भाबडी नव्हती. तीसेक वर्षं सूक्ष्मजीवशास्त्राच्या मास्तराशी संसार केला होता. घामाला स्वतःचा वास नसतो, हे तिला माहीत होतं. कातडीवरचे भाडेकरू घाम खातात आणि त्यातून वास तयार होतो. प्रत्येकाच्या अंगावरचा हा गोतावळा निराळा, म्हणून प्रत्येकाचा वास निराळा. हेमंत गेला, पण त्याचा गोतावळा बरणीत सुखाने नांदत होता. भूत नाही, भास नाही, शुद्ध जीवशास्त्र. तरीही ती त्या दिवशी पोटभर रडली आणि बरणी परत ओट्यावर ठेवली.

त्यानंतर तिने त्या बरणीत स्वतःचा हात कधी घातला नाही. घातला असता तर तिचे भाडेकरू आत शिरले असते आणि हळूहळू घर त्यांचं झालं असतं. लाकडी डावाने ढवळायची, पेज घालायची, खोबरेलाचे दोन थेंब सोडायची. आळीला विरजण द्यायची वेळ आली तेव्हा ते हेमंतने हयातीत नंदाला दिलेल्या बरणीतून गेलं. ही बरणी तिने कुणासमोर उघडलीही नाही. आपल्या मुलीसमोर, मृण्मयीसमोरही नाही.

हाताशिवाय ती जगली कशी, याचं कारण साधं होतं. ती गळ्यापर्यंत भरलेली होती. हेमंत वर्गात सांगायचा, ग्रामसभेला कोरम लागतो तसा जिवाणूंनाही लागतो. आपण पुरेसे आहोत अशी खात्री पटली तरच ते थर धरतात. कमी पडले की कामं टाकून बसतात आणि मग बाहेरचा कुणीही येऊन घर बळकावतो. लहान बरणीतली उणीव रोजचा हात भरून काढतो. या बरणीला हात नव्हता, नुसती गर्दी होती. ती गर्दी कमी होऊ द्यायची नाही, एवढं एक व्रत उज्ज्वला पाळत होती. रोज संध्याकाळी झाकण उघडायचं, डोळे मिटून उभं राहायचं आणि झाकण लावायचं. दिवसातलं तेवढंच तिचं स्वतःचं होतं.

आणि आता आळीतल्या सगळ्या बरण्या मेल्या होत्या.

गिरणीत उज्ज्वलाने नंदाची बरणी हातात घेतली, उजेडाकडे धरली. गळ्याशी आतून पिवळं कडं होतं.

"हे काय?"

"हळद हाय," नंदा म्हणाली. "लक्ष्मीपूजनाला केरसुणी पूजतो न्हवं आपण? म्या म्हटलं, औंदा बरणीबी लक्ष्मीच की. समद्याजणींनी हितं आणल्या, केरसुणीशेजारी मांडल्या, हळदकुंकू वाहिलं. चिमूटभर आतबी सोडलं, मान म्हणून."

उज्ज्वलाने बरणी खाली ठेवली. "जखमेवर हळद का लावतो आपण?"

"जखम चिघळू नये म्हणून."

"म्हणजे जंतू मरावेत म्हणून. हळदीचा पिवळा रंग जिवाणूंच्या कातडीला भोकं पाडतो. त्याला काय कळतंय, की हे चांगले जंतू आहेत?"

कोपऱ्यातली एक सून रडकुंडीला आली. नंदा मटकन पोत्यावर बसली आणि बसल्या बसल्या तिला दुसरं काहीतरी सुचलं.

"मग तुमची? तुमची बी गेली आसल."

"माझी आहे," उज्ज्वला म्हणाली.

"तुम्ही न्हाई घातली हळद?"

"मला कुणी बोलावलं नव्हतं, नंदाताई."

या बायका पाच वर्षं तिच्याबरोबर उन्हातान्हात फिरल्या होत्या, तिच्या डब्यातलं खाल्लं होतं, मोर्चात तिच्या शेजारी बसल्या होत्या. पण हळदकुंकू म्हटल्यावर विधवा बाईलाही बोलवावं, हे कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. गावात मोटारी आपल्या आपण चालायला लागल्या होत्या, ड्रोन औषधं आणून देत होते, आणि हे मात्र होतं तिथेच होतं. मुद्दाम कुणी वगळलं नव्हतं. मुद्दाम वगळलं असतं तर भांडता तरी आलं असतं. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी उज्ज्वलाने गिरणीतला हसण्याचा आवाज आपल्या दारातून ऐकला होता आणि आत येऊन बरणीचं झाकण उघडलं होतं.

"चुकलं, वहिनी," नंदा खाली बघत म्हणाली. मग जरा वेळाने, कारण काम तर होतंच, "तुमच्यातलं विरजण द्या आमास्नी."

उज्ज्वलाने वाटीभर दिलं. "एवढंच आहे," ती म्हणाली. "माझीही निम्मी गेलीय."

गणेश मंडळाचं भंडाऱ्याचं पातेलं मंडळाच्या पत्र्याच्या मंडपात बाहेर काढलं. त्यात पेज शिजली, निवली, आणि ती वाटी त्यात गेली. आळीभरच्या बायकांनी पाळ्या लावून हाताने ढवळलं. पण एवढ्या मोठ्या पातेल्याला वाटीभर विरजण म्हणजे मैदानातल्या सभेला चार माणसं. तिसऱ्या दिवशी वर पांढरी बुरशी आली. समिती यायला आता थोडेच दिवस उरले होते, आणि पातेलं आज-उद्या लागलं नाही तर घरोघरच्या बरण्या तोवर तयार होणार नव्हत्या. पोत्यांत कोंबून ठेवलेली पाकिटं समितीच्या नजरेसमोर फडफडणार होती.

नंदा दुपारी बातमी द्यायला उज्ज्वलाकडे आली. पाणी प्यायला म्हणून नेहमीसारखी थेट स्वयंपाकघरात शिरली, आणि ओट्यावरची बरणी तिने बघितली. झाकण किंचित कलतं होतं.

"ही तर गळ्यापतूर भरलीया," नंदा म्हणाली.

उज्ज्वला दारात उभी होती. कारणं सांगायचा तिला कंटाळा आला. "वास घ्या तिचा," ती म्हणाली.

नंदा वाकली. बराच वेळ तशीच वाकून राहिली. हेमंत रोज संध्याकाळी कॉलेजातून येताना गिरणीत टेकायचा, पिठाच्या डब्यावर बसून चहा प्यायचा.

"सर," नंदा म्हणाली.

"हो."

नंदाने झाकण दोन्ही हातांनी नीट बसवलं. पदराने डोळे पुसले, पाण्याचा तांब्या होता तिथे ठेवला. "न्हाई मागत मी," ती म्हणाली. "आसू दे. बघू काय हुतंय ते. येवढी वर्सं लढलो, हरलो तर हरलो." आणि ती गेली.

तिने मागितलं असतं तर उज्ज्वलाचं काम सोपं झालं असतं. संध्याकाळी तिने मृण्मयीला फोन लावला. मृण्मयी समुद्राचा तळ मोजणाऱ्या जहाजावर होती, दक्षिणेकडे कुठेतरी, आणि तिच्या पायाला जमीन लागायला अजून दीडेक महिना होता. पडद्यावर तिचा चेहरा आला, केस खारट वाऱ्याने राठ झालेले, आणि उज्ज्वलाने सगळं सांगून टाकलं. आधी हळदीचं. मग बरणीचं.

मृण्मयीला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा ती हळू आवाजात म्हणाली, "तीन वर्षं?"

"हो."

"मी किती वेळा येऊन गेले त्या घरात. त्या ओट्याशी उभी राहून चहा केलाय मी."

"तू झाकण उघडशील, हात घालशील, अशी भीती वाटायची मला." बोलता बोलताच उज्ज्वलाला ते किती कद्रूपणाचं आहे ते कळलं. "एकदा दुसरा हात पडला की तो वास राहत नाही, मनू."

"मला बाबांचा वास आठवत नाही, आई. मी प्रयत्न करते. त्यांचं हसणं आठवतं, त्यांचं ते खोकून बोलायला सुरुवात करणं आठवतं. वास येत नाही." ती थांबली. "मी येईपर्यंत ठेव ना. एकदाच उघडू दे मला. मग दे सगळ्यांना."

"तोवर करारावर सही झालेली असेल."

"मग होऊ दे भट्टी," मृण्मयी म्हणाली आणि लगेच तिने तोंडावर हात ठेवला. मग मृण्मयीने फोन बंद केला. सिग्नल गेला असेल असं उज्ज्वलाने स्वतःला सांगितलं, पण तसं नव्हतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

हेमंत असता तर क्षणाचाही विचार न करता 'देऊन टाक' म्हणाला असता. त्याचा तिला त्या संध्याकाळी फार राग आला. देऊन टाकणं त्याला नेहमीच सोपं जायचं. पुस्तकं दिली, पगार दिला, सुट्ट्या चळवळीला दिल्या, आणि शेवटी स्वतःच निघून गेला. मागे जे उरलं ते जपायचं काम तिचं. तिला भट्टीशी लढायचं नव्हतं, गाव वाचवायचं नव्हतं. तिला हेमंत हवा होता. तीन वर्षांत ही गोष्ट ती कुणाशी बोलली नव्हती, कारण बोलून काय, लोक म्हणाले असते, हवा असणारच.

सकाळी तिने झाकण उघडलं. वास जसा होता तसाच होता, भरभरून. तो जरा उणावला असता, विटला असता, तरी बरं झालं असतं. ती नेहमीपेक्षा जास्त वेळ उभी राहिली. बाहेर घंटागाडी वाजत आली, आळीतून फिरून परत गेली. पलीकडच्या घरातली सून पाकिटांचं पोतं गाडीजवळ नेऊन, न टाकताच परत आणताना खिडकीतून दिसली. तिचा अजून विश्वास होता. कशावर, देव जाणे. उज्ज्वलाने बरणी उचलून कडेवर घेतली आणि पायांत चपला सरकवल्या.

मंडपात पातेलं घासून पालथं घातलेलं होतं. नंदाने तिला येताना बघितलं, बरणी बघितली, आणि काही न विचारता पातेलं सुलटं करून पेज शिजवायला माणसं पळवली. पेज निवेपर्यंत दोघी बाकावर शेजारी शेजारी बसल्या, मध्ये बरणी.

उज्ज्वलाने बरणी तिरकी केली. दाट, पांढरट पेज संथपणे पातेल्यात उतरली. शेवटचं उरलेलं तिने डावाने खरवडून काढलं. पातेल्याभोवती बायका बाह्या सरसावून उभ्या होत्या, पण कुणी पुढे आलं नाही.

"पैला हात तुमचा, वहिनी," नंदा म्हणाली.

तीन वर्षांत उज्ज्वलाने त्याला हात लावला नव्हता. तिने बांगडी कोपरापर्यंत सारली आणि हात आत घातला. पेज कोमट होती, अंगाएवढी कोमट. बोटांना काहीतरी मऊसर, निसरडं लागलं, तो थर असणार, आणि तिने तो मुठीत धरायचा प्रयत्न केला. तो धरता येण्यासारखा नव्हता. ती ढवळत राहिली. वास वर येत होता, सगळ्या मंडपात पसरत होता, आणि एक-दोघी जुन्या बायकांनी चमकून मागे वळूनही बघितलं. मग नंदाचा हात आत आला. मग त्या सुनेचा. मग इतके हात आले की उज्ज्वलाला आपला कुठला ते बघावं लागलं.

दुसऱ्या दिवशी पातेलं फसफसलं. घरोघर वाट्या गेल्या. उज्ज्वलाच्या रिकाम्या बरणीतही वाटीभर आलं, आळीतल्या कुणाच्याही बरणीत आलं तेवढंच, आणि त्याला सगळ्यांचा मिळून वास होता. तिने ते हाताने ढवळलं. डाव तिने धुऊन भाजीला वापरायला काढला.

समिती आली, आळीचा ढीग पसरून बसली, वरून ड्रोन फिरवले. पाकिटं अजिबात सापडली नाहीत असं नाही. एका महाशयांनी गादीखाली दडवलेली पिशवी त्यांच्याच नातवाने हौसेने आणून दाखवली. पण बाकी आळी स्वच्छ निघाली आणि गिरणीसमोर वर्खाच्या चुऱ्याची पोती रांगेने उभी होती. भट्टीचा करार रद्द झाला असं म्हणवत नाही. तो 'फेरविचारार्थ' वर गेला, आणि प्रयोग गावभर करून बघा, असा आदेश खाली आला. माळावर मोजणीला आलेली मंडळी सामान गुंडाळून परत गेली. "लगीन मोडलं न्हाई," नंदा म्हणाली, "पर वरात तर माघारी गेली." त्या वर्षीच्या संक्रांतीला तिने हळदकुंकवाचं पहिलं बोलावणं उज्ज्वलाला दिलं. उज्ज्वला गेली. तिला तिथे फार बरं वाटलं असं नाही, पण गेली.

मृण्मयी संक्रांत झाल्यावर आली. फोनवर ती अधूनमधून बोलत राहिली होती, हवापाण्याचं, जेवणाचं. घरी आल्यावरही दोन दिवस तेवढंच चाललं. बरणी ओट्यावर नेहमीच्या जागी होती आणि मृण्मयी चहा करताना तिच्याकडे न बघता साखरेचा डबा घ्यायची. उज्ज्वलाला तिची माफी मागायची होती. कशी मागतात, हे तिला मुलीच्या बाबतीत कधी जमलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी उज्ज्वला परसातून कढीपत्ता घेऊन आत आली तेव्हा मृण्मयीच्या एका हातात झाकण होतं आणि ती बरणीवर वाकली होती.

"काही उरलेलं नाही गं त्यात," उज्ज्वला म्हणाली. "मी रोज बघते. नाही येत."

मृण्मयी वाकलेलीच राहिली.

"मनू, बाबांचा वास गेला. मी तुझ्यासाठी थांबायला हवं होतं. मला ते..."

"तुझा येतोय," मृण्मयी म्हणाली.

"काय?"

"तुझा वास येतोय, आई. मी शाळेतून यायचे आणि तुला मिठी मारायचे ना, तो."

उज्ज्वला पुढे झाली, बरणीत नाक घातलं. आंबलेल्या भाताचा वास, बस. तिने पुन्हा घेतला. "मला तर काहीच येत नाहीये."

"तुला नाही येणार. स्वतःचा येत नाही कुणाला."

उज्ज्वला सरळ झाली. म्हणजे हेमंतलाही स्वतःचा वास कधी कळला नसणार. तो जगात फक्त तिला माहीत होता, थोडासा नंदाला माहीत होता, आणि मुलीला एकेकाळी माहीत होता. तिला ते हेमंतला सांगावंसं वाटलं, इतकं तीव्रपणे की ती खुर्चीवर बसली. मृण्मयी तिच्याकडे बघत होती. तीस वर्षांची बाई, पण चेहरा अगदी लहान झालेला, जणू आईच्या केसांतलं पांढरं तिला आत्ताच दिसलं होतं.

"मला जाताना यातलं देशील?" मृण्मयीने विचारलं. "जहाजावर पाकिटांचा नुसता खच असतो."

"देईन की. वाटीभर पुरतं."

मृण्मयीने बाही वर सरकवली आणि हात बरणीवर नेला.

"थांब," उज्ज्वला म्हणाली. "तुझा हात पडला की हा वास नाही राहायचा. तुझा मिसळेल."

"मिसळू दे," मृण्मयी म्हणाली, आणि तिने मनगटापर्यंत हात आत घातला.